गोठू नये ते पोटाशी

टेक्सासचा क्लेटन जन्मात पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला तो थेट सासऱ्यासोबत, उत्तर मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यावर. मुक्कामाच्या जागेपर्यंत तो इतक्या वेळा आपटला की सासऱ्याने, म्हणजे आर्विडने, मागे वळून बघणंच सोडलं. "ऊठ रे टेक्सास," एवढंच पुढून ऐकू यायचं. लग्नाला चार वर्षं झाली तरी म्हातारा जावयाला नावाने हाक मारत नव्हता.

संध्याकाळी बर्फावर दोघांचे दोन तंबू लागले आणि आर्विडने धडा दिला. "नीट ऐक. जे गोठायला नको, ते स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचं. इथली थंडी कुणाची गय करत नाही."

क्लेटनने पाण्याची बाटली घेतली, बूट घेतले, टॉर्च, मोजे, टूथपेस्ट आणि न्याहारीची अंडीसुद्धा घेतली.

"उबवणार आहेस की काय?" म्हातारा खो खो हसत आपल्या तंबूत शिरला.

सकाळी क्लेटनने बेकन तव्यावर टाकलं, शेजारी अंडी फोडली. त्या वासाने झोपलेलं अस्वल उठलं असतं, पण सासरा काही बाहेर येईना.

"अहो आर्विड, गार होतंय सगळं."

तंबूची चेन वीतभर उघडली आणि एक हात बाहेर आला. हातात पत्र्याचा मग, मगात दगडासारखा बर्फ, आणि बर्फात आर्विडची कवळी.



"जावईबापू," बोळक्या तोंडातून मऊ आवाज आला, "तुमच्या पोटाशी जरा जागा होईल का?"