खराब बाटली

लाल दिव्याखाली तिन्ही ग्लास सारखेच काळे दिसत होते. रंगावरून कुणी काही ओळखू नये, म्हणूनच तो दिवा. हेमलताने पहिला ग्लास उचलला, हलकेच फिरवला आणि त्यात नाक घातलं.

समोरच्या छोट्या खिडकीपलीकडे केतकी उभी होती. वाईन तिनेच ओतली होती. ओतणाऱ्याने चाखायचं नाही आणि वासही घ्यायचा नाही, असा नोएडातल्या त्या प्रयोगशाळेचा नियम होता.

"ताई, घाई नको हं," ती हळूच म्हणाली.

"केतकी जी, मराठी नहीं," तिच्या मागून परीक्षा घेणारे भाटिया साहेब म्हणाले. "आप दोनों आपस में जवाब बता देंगी और हमें पता भी नहीं चलेगा."

केतकीने मान डोलावली.

दीड वर्षापूर्वीच्या तापात हेमलताची वास घेण्याची शक्ती गेली होती. तेव्हापासून ती दुसऱ्यांनी चाखलेल्या वाईनचे अहवाल टाइप करत होती. तीन ग्लासांपैकी दोन एकाच बाटलीतले, एक वेगळा. तो वेगळा ओळखला, तर चाखणाऱ्यांच्या पॅनलवरची जागा तिला परत मिळणार होती. नाही ओळखला, तर ती जागा कायमची दुसऱ्याची.

आधीच्या फेरीत एक लाल आणि एक पांढरी वाईन होती. तिने दोन्ही बरोबर ओळखल्या आणि भाटिया साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. लाल वाईन हिरड्यांना तुरट लागते, ते कळायला नाक लागत नाही. पांढरीबद्दल तिने फक्त 'आंबट, हलकी' एवढंच सांगितलं होतं. पूर्वी अशा वाईनमध्ये तिला कच्चा पेरू सापडायचा, लिंबाची साल सापडायची, नुकतं कापलेलं गवत सापडायचं.

आता तिन्ही ग्लासांत लालच होती. तिने दुसरा हुंगला. तिसरा हुंगला. पुन्हा पहिला.

"दुसरा," ती म्हणाली.

"सही!" भाटिया साहेबांनी टेबलावर थाप मारली. "कहा था न मैंने! बधाई हो मैडम!"

केतकीने खिडकीतून दोन्ही अंगठे दाखवले.

हेमलता हसली नाही. तीनपैकी एक तर डोळे मिटूनही बरोबर येऊ शकतो. तिने पहिला ग्लास पुन्हा नाकाशी धरला. आत, अगदी मागे, काहीतरी होतं. बारीक, पण होतं. तिने श्वास सोडला, थांबली, पुन्हा घेतला. तिसऱ्या ग्लासातही तेच होतं. दुसऱ्यात नव्हतं.

"सर, पहला और तीसरा जिस बोतल का है, वो खराब है."

भाटिया साहेबांचा चेहरा उतरला. ते खिडकीपाशी आले.

"मैडम, आप पास हो चुकी हैं. बोतल खराब लिखूँगा तो टेस्ट कैंसल. और दूसरा मौका ऊपरवाले देंगे नहीं, ये मैंने सुबह ही बताया था."

"पता है, सर."

"तो फिर?"

"फिर भी खराब है."

केतकीला राहवलं नाही. "ताई, कसला वास येतोय?"

"ओल्या गोणपाटाचा. भिजून कोपऱ्यात पडून राहिलेल्या."

"गोणपाट म्हणजे?"

"अगं, बोरी. गीली बोरी."

भाटिया साहेबांनी पहिला ग्लास मागून घेतला आणि डोळे मिटून हुंगला. "मुझे तो मिट्टी की खुशबू आ रही है. ये तो क्लास की निशानी है जी. लोग इसी के पैसे देते हैं."

"उसी पेटी की दूसरी बोतल खुलवाइए," हेमलता म्हणाली. "दोनों साथ में सूँघिए. फिर जो लिखना हो, लिखिए."

तिचा आवाज चढला नव्हता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग केतकीकडे, आणि मान हलवली.

केतकीने दुसरी बाटली उघडली. कुणीतरी ट्यूबलाइट लावली. आता दोन्ही ग्लास शेजारी शेजारी, एकाच गडद लाल रंगाचे. भाटिया साहेबांनी आधी नवीन ग्लास हुंगला.

"अरे वाह. जामुन."

"और काली मिर्च," हेमलता म्हणाली. ती दोन हात लांब बसली होती.

मग त्यांनी जुना ग्लास नाकाशी नेला आणि मान झटक्यात मागे घेतली.

"बोरी!" ते ओरडले. "अरे यार, ये तो सचमुच बोरी है!" त्यांनी नवीन हुंगला, पुन्हा जुना, आणि पुन्हा तोंड वाकडं केलं. "मैंने इसको क्लास कहा?"

"रिकॉर्ड पर है, सर," केतकी म्हणाली. तिचं हसू आवरत नव्हतं.

साहेबांनी समोरच्या कागदावर मोठी फुली मारली. "टेस्ट कैंसल." मग त्यांनी पेन खिशाला लावलं. "जिसने हमारी गलती पकड़ ली, उसका टेस्ट अब कौन लेगा? ऊपरवालों से मैं बात करूँगा. केतकी, कल से मैडम पैनल पर. और इस बोतल की रिपोर्ट कोई और टाइप करेगा."

ते फोन कानाला लावत बाहेर गेले. केतकीने ओढणी नाकाला लावली, खराब वाईनचे ग्लास उचलले आणि सिंककडे वळली.

"थांब," हेमलता म्हणाली. "ओतू नकोस."

तिने एक ग्लास केतकीच्या हातातून घेतला, दोन्ही तळव्यांत धरला आणि त्यावर वाकून सावकाश, खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

"अहो ताई, घाण येतेय!"

"हो," हेमलता म्हणाली. "येतेय."