शाबूत सील

बड्या साहेबांच्या गोपनीय फायली ठेवलेल्या कोठडीचा राखणदार असा कडक, की डाससुद्धा आत शिरण्याआधी दारात थांबून ओळखपत्र शोधायचा. त्याला कारण होतं. सर्वांत मोठ्या साहेबाच्या सीलबंद फायलीत राखणदाराच्याच धाकट्या बहिणीने त्या साहेबाविरुद्ध केलेली तक्रार होती. तिची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

साहेबाची माणसं गोड बोलून गेली, दम देऊन गेली. राखणदाराने किल्ली सोडली नाही. वाळवीचं औषध मारणारा दरवर्षी पाठीला पंप लावून यायचा, तोही दारातूनच परत. "बाहेरच्या माणसाला आत मज्जाव आहे! फारच हौस असेल तर जिन्यावर फवार."

रोज सकाळी तो लाखेच्या सीलवरून बोट फिरवायचा आणि संध्याकाळी घरी बहिणीला सांगायचा, "शाबूत आहे गं."

"चौकशी लागेपर्यंत मी शाबूत राहिले म्हणजे मिळवली, दादा," ती म्हणायची.

एकोणीस वर्षांनी चौकशी लागली. दोघं भावंडं शेजारी बसली. सगळ्यांसमोर सील फोडलं, तर आतून ओंजळभर माती सांडली आणि तिच्यातून वाळवी घाईघाईने टेबलभर पांगली. बहीण मातीकडे बघत राहिली.

म्हातारा साहेब काठी टेकत उठला, राखणदाराच्या कानाशी वाकला.

"उगाच रे तुझ्यामागे माणसं लावली मी. तू राखणीला असताना मला कसली काळजी होती!"