मंगलच्या सोबतीला

कंग्राळीच्या स्टॉपवर बसमधून उतरताना मंगलने पदर डोक्यावर घेतला.

"तू नुसती माझ्यासंगट चाल," ती पूर्णिमाला म्हणाली. "तू असलीस म्हंजे अंगावर हात टाकायचं न्हाय कोण."

सोबत चालणं हेच तर पूर्णिमाचं काम होतं. कोलंबियातल्या डोंगराळ भागात, जिवाला धोका असलेल्या शेतकरी पुढाऱ्यांच्या सोबतीला राहून ती आठवड्यापूर्वीच परतली होती. हत्यार नाही, काठीसुद्धा नाही. अंगात आंतरराष्ट्रीय शांतता संस्थेचं निळं जाकीट घालायचं, त्या माणसाच्या बाजूने चालायचं आणि सगळ्यांना दिसत राहायचं. वाद घालायचा नाही, कुणाची बाजू घेऊन बोलायचं नाही. बंदूकवाले तिच्याकडे बघायचे, बाई परदेशी आहे हे ओळखायचे आणि वाट सोडायचे. तिला या कामाचा अभिमान होता, आणि का नसावा?

मंगल तिची चुलत बहीण. जातीबाहेर लग्न केल्यापासून ती निपाणीला राहायची. कंग्राळीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असं तिच्या सख्ख्या भावाने, भरमूने, तिला सांगून ठेवलं होतं. आज सकाळी त्यांची आई, मालुबाई, वारली. मंगलला आईचं तोंड बघायचं होतं आणि तोंडात शेवटचं पाणी घालायचं होतं. बाकी काही नको होतं. उगाच भांडण नको म्हणून नवऱ्यालाही ती घरीच ठेवून आली होती.

दुपारच्या उन्हात दोघी चालू लागल्या. पूर्णिमा सवयीने अर्धं पाऊल मागे राहिली. रताळ्याच्या रानातल्या बायका माना वर करून बघत होत्या, पण कुणी अडवलं नाही. मंगलला वाटलं, जमलं.

गल्लीच्या तोंडाशी भरमू उभा होता. आंघोळ करून तसाच आलेला, धोतर ओलं. मागे भावकीतले चौघेजण. त्याने मंगलकडे बघितलंच नाही.

"कवा आलीस गं पूर्णिमा?" तो म्हणाला. "लई वाळलीस की."

एवढ्या एका वाक्याने पूर्णिमाचं सगळं अवसान गळालं. याच भरमूने तिला सायकल शिकवली होती.

"आत जा, काकीचं तोंड बघून घे. ही न्हाय यायची."

"आण्णा, पाया पडते तुझ्या," मंगल म्हणाली. "लांबनं बघते. हात लावत न्हाय."

"आमास्नी एकच भैन हाय, आन् ती आत निघालीया," भरमू पूर्णिमाकडेच बघत म्हणाला.

मंगल वळली. "बोल की गं काय तरी. तुझं ऐकल त्यो."

कदाचित ऐकलंही असतं. पण पूर्णिमाचं तोंड उघडेना. शांत राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची, एवढंच तिच्या अंगात मुरलं होतं. ती तशीच उभी राहिली, कुठल्या तरी परक्या रस्त्यावर उभी असल्यासारखी. भरमू तिच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

"रडू नको," तो तिला म्हणाला. पूर्णिमा रडत होती हे तिलाही तेव्हाच कळलं.

"साक्षीला न्हाय आणलं मी तुला," मंगल हळू आवाजात म्हणाली. "घरची म्हणून आणलतं." मग म्हणाली, "जा. तू तरी जा."

आत मालुबाईला हिरवं लुगडं नेसवून कपाळभर कुंकू लावलं होतं. एका म्हातारीने पूर्णिमाच्या ओंजळीत पाणी दिलं, वर तुळशीचं पान ठेवलं. पूर्णिमाने ते काकीच्या ओठांत सोडलं. बरंचसं गालावरून ओघळलं.

मंगलचे वडील, मष्णूआप्पा, भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आलीया व्हय ती?"

"व्हय, आप्पा. बाहेर हाय."

"उन्हात बसू दिऊ नको तिला," ते म्हणाले. पूर्णिमा नुसतं 'व्हय' म्हणून वळली. तिला स्वतःची विलक्षण चीड आली.

ती बाहेर आली तेव्हा मंगल उन्हातच मातीत बसली होती. भरमू घरात गेला होता, दोघेजण तिच्यावर नजर ठेवून उभे होते.

"लुगडं कंचं नेसवलंय?"

"हिरवं."

"चुडा भरलाय न्हवं?"

"भरलाय. दोन्ही हातात."

मंगलने मान हलवली. तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने रडण्याचा कल्लोळ उठला. तिरडी समोरून आणलीच नाही. मंगलच्या नजरेला पडू नये म्हणून ती परसदारच्या वाटेने ओढ्याकडे नेली. मंगल धडपडत उठली, तर ते दोघे आडवे झाले. आणि आता पूर्णिमाला कंठ फुटला.

"सोडा तिला! तिची आई हाय ती! आण्णा! आप्पा!"

ती घसा बसेपर्यंत ओरडली. दोघे खाली मान घालून ऐकून घेत होते, पण वाट सोडत नव्हते. रडण्याचा आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला, तेव्हा तेही निघून गेले.

मंगल परत खाली बसली. पूर्णिमा तिच्या शेजारी टेकली.

"पाणी कंच्या हातानं घातलंस?" मंगलने विचारलं.

पूर्णिमाने ओंजळ पुढे केली. मंगलने ती धरली आणि आपल्या तोंडावरून फिरवून घेतली.