मृत्यू : शून्य

१९९७ साली वरून हुकूम आला की महिन्याला किती पेशंट आले आणि किती दगावले, हे प्रत्येक सरकारी दवाखान्याने दारातल्या फळ्यावर लिहावं. मेढ्याच्या डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्यात डॉ. गोमटेश चौगुल्यांनी खडूने लिहिलं, 'मृत्यू : शून्य'. ते खरंच होतं. तिथं सलाइनपलीकडे काही सोय नव्हती, त्यामुळे गंभीर पेशंट ते लगेच जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवत.

जुलाबाने गळून गेलेल्या नवऱ्याला, आप्पासाहेबांना, घेऊन बाळाबाई आल्या तेव्हाही डॉक्टर म्हणाले, "जिल्ह्याला न्या."

"आवं, तिथल्या फळ्यावर एकतीस लिवल्यात, मी सोता वाचलंय. हितं एकबी न्हाई. मालकास्नी मरायला न्हिऊ व्हय?" असं म्हणून त्या कॉट धरून बसल्या.

नाइलाजाने डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि दोन दिवस ते उशापासून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब चालत घरी गेले.

ही बातमी पसरली. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या दवाखान्यातून नाव काढून चार पेशंट इकडे आले. एकाला तर हार्टचा झटका येऊन गेला होता.

डॉक्टरांनी हात जोडून त्यांना परत पाठवलं. मग शून्य पुसलं आणि तिथं 'चाळीस' लिहिलं.

"सर, एवढे कोण मेले?" आम्रपाली सिस्टरांनी घाबरून विचारलं.



"कुणीच नाही, सिस्टर. पण लोकांनी हे वाचलं, तरच ते वाचतील."