जूनमधला नाताळ

आमच्या मॉरिशसमध्ये नाताळ जूनमध्येच यायचा. कारखान्यात लाल लोकरीचे खोके फुटले, की अमेरिकेसाठी स्वेटर सुरू. छातीवर बर्फातलं हरीण. बर्फ मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. शेवंताबाय मशीनवर अंग विणायची, मी बाह्या जोडायचे. त्याच ओव्हरटाइमवर आमच्या घरी गणपती यायचे.

एकदा रेडिओवर ऐकलं, अमेरिकेत बँका बुडाल्या.

“आपलं खातं आहे का गं तिथं?” शेवंताबायने विचारलं. अख्खी लाइन हसली.

पुढच्या जूनमध्ये लाल लोकर आलीच नाही. अमेरिकेने ऑर्डर थांबवल्या, असं साहेब म्हणाला. कारखान्याला कुलूप लागलं. निघताना प्रत्येकीच्या हातात तपासणीत नापास झालेला एकेक स्वेटर ठेवला.

यंदा विसर्जनाला आमच्याकडची थंडी अजून सरली नव्हती, किनाऱ्यावर बोचरा वारा होता. गर्दीत ओळखीचं हरीण दिसलं. पंधरा वर्षांनी शेवंताबाय! मी धावत जाऊन मिठी मारली, तशी बोटं आपसूक तिच्या खांद्यावरच्या शिवणीवर गेली.

“तुझीच आहे,” ती म्हणाली. “दर थंडीत घालते. उलटासुलटा करून कितीदा पाहिला, पण नापास कशात झाला होता, ते काही सापडलं नाही बघ.”