शेवंतीचा कोरा चहा

“आवाज करून ओढा, आई. फुर्र करून. लाजू नका.”

शेवंतीने डोळे मिटून चमच्यातला चहा ओढला. अर्धा हनुवटीवर सांडला. अक्षता हसली. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून शेवंतीने दुसरा चमचा मुद्दाम तसाच ओढला.

ओट्यावर पांढरे कप मांडले होते. आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, कांगडा. दूध नाही, साखर नाही. अक्षता अंधेरीला एका चहा कंपनीत चव तपासायचं काम करायची. उरलेल्या नमुन्यांच्या पुड्या घरी आणायची आणि त्या डब्यात पडून राहायच्या. मग आखातात लढाई पेटली. तिचा नवरा देवेश ज्या तेलाच्या बोटीवर होता, ती तिथेच अडकली. त्याचा फोन लागेनासा झाला. टीव्हीवर दिवसभर एक जळती बोट दाखवत. ती देवेशची नव्हती. पण त्याची कुठे आहे, हेही कोणी सांगत नव्हतं.

तेव्हापासून सासू-सून रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून चहा चाखायला बसू लागल्या. चव ओळखायची तर डोक्यात दुसरं काही ठेवून चालत नाही, असं अक्षता म्हणायची. तेवढा वेळ ती श्वास घेतेय असं वाटायचं. म्हणूनच शेवंती बसायची. नाहीतर कोरा चहा तिने कित्येक वर्षांत तोंडाला लावला नव्हता.

तिचा नवरा जयवंतही खलाशी होता. देवेश अजून शाळेतही जात नव्हता, तेव्हा जयवंतची बोट वादळात बुडाली. काहींची प्रेतं सापडली. जयवंतचं नाही. त्या दिवशी शेजारीण कोऱ्या चहाची किटली घेऊन आली, मयत झालेल्या घरी नेतात तशी. शेवंतीने ती मोरीत ओतली.

“आमच्याकडे कोण गेलंय?” ती म्हणाली.

पुढे दीर समजवायला आले. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घेऊ म्हणाले. “जिवंत माणसाला जाळू?” तिने एवढंच विचारलं आणि ते उठून गेले. ती कुंकू लावत राहिली. त्यांची मुलुंडची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तेव्हा ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, न्हाव्याकडे, गेटवरच्या वॉचमनकडे जाऊन नवा मजला आणि खोलीचा नंबर सांगून आली. विचारत कोणी आलं तर. देवेश बोटीवर जायला निघाला तेव्हा ती आडवी आली नाही. “तिकडे बाबा कुठे दिसतात का बघ,” ती म्हणाली, आणि हे ती थट्टेने म्हणाली नव्हती.

आजही दाराची बेल वाजली की कडी काढण्याआधी तिचा हात केसांवरून फिरायचा. लग्न होऊन आली तेव्हा अक्षताला त्याचं हसू यायचं. काल दुपारी बेल वाजली. इस्त्रीवाला होता. दार उघडायला अक्षता गेली, आणि जाता जाता तिचा हात केसांकडे गेला. शेवंतीने ते पाहिलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

“आता हा,” अक्षताने दार्जिलिंगचा कप पुढे सरकवला. “वास घ्या आधी. कसला येतो?”

शेवंतीने कप नाकाशी धरला. “सुरंगीचा,” ती म्हणाली. “चैत्रात मालवणात सुरंगीचे वळेसर मिळायचे, गजऱ्यासारखे. हे आणायचे.”

“आणायचे” हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला आणि तिने कप खाली ठेवला. आजवर ती जयवंतबद्दल असं, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं, बोलली नव्हती.

तेवढ्यात अक्षताचा मोबाईल वाजला. परदेशातला, अनोळखी नंबर. अक्षताला तो उचलवेना. शेवंतीनेच बटण दाबलं.

“हॅलो? अक्षू, मी. अगं मी बोलतोय!”

अक्षताने मोबाईल स्पीकरवर टाकला. देवेश भराभर बोलत होता. त्याच्याही बोटीला आग लागली होती. सगळ्यांना उतरवून किनाऱ्यावर आणलं होतं. हात थोडा भाजलाय, बाकी ठणठणीत. मोबाईल, कपडे, सगळं गेलं. घरी पाठवणार आहेत, आठवडाभरात.

“जेवलास?” शेवंतीने विचारलं.

“जेवतो गं आई. आधी तुम्हाला लावला.”

“मोबाईल गेला ना तुझा? मग हा फोन कोणाचा?”

“इथे बंदरावर एक हमाल आहे, त्याचा. त्याची भाषा मला कळत नाही, माझी त्याला. नुसती खूण केली, घरी बोलायचंय म्हणून. लगेच काढून दिला बिचाऱ्याने.”

फोन बंद झाल्यावर अक्षता रडली, हसली, दार उघडून शेजारच्या चेतनाला हाका मारत बाहेर धावली. पाच मिनिटांनी आत आली तर शेवंती ओट्याला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांना नुसती धार लागली होती.

“आई, अहो रडताय काय? तो सुखरूप आहे! आलाच आता.”

“हो गो,” शेवंती म्हणाली. “परका मुलूख, परकी भाषा. हातात काही नाही. तरी फोन मागून घेतला आणि आधी घरी लावला.”

“मग?”

शेवंतीने पदराने तोंड पुसलं. कपाळावरचं कुंकू त्यासोबत फिसकटलं, तिने ते सारखं केलं नाही.

“देवेशला येऊ दे,” ती म्हणाली. “मग त्याच्या बाबांची क्रिया करून घेऊ.”