केबलची परीक्षा

मुलाने म्युझिक सिस्टीमसाठी महागडी डिजिटल केबल आणली. सून म्हणाली, “बाबांचे डोळे बांधून ऐकवू. फरक कळला तर ठेवू, नाहीतर परत.” आमचे हे रुमाल बांधून ऐटीत बसले. जुन्या केबलवर गाणं वाजलं. “बरं आहे,” हे म्हणाले. सुनेने गाणं थांबवून नवी केबल जोडली. लगेच मुलाने हळूच यांचा खांदा दाबला. बापलेकांचं आधीच ठरलेलं! “वा!” हे मान डोलावू लागले. “आता कसा सूर मोकळा झाला!” “बाबा, अजून बटण दाबलंच नाही,” सून म्हणाली. मान डोलतच राहिली. यांना कमी ऐकू येतं, मी कधीची सांगत होते. मुलाने नवी केबल काढून खोक्यात भरली. “आई, ही परत. आधी कानाचं मशीन.” मी रुमाल सोडून कानाशी ओरडले, “अहो, गाणं संपलं!” “एवढ्यात?” हे हिरमुसले. “पुन्हा लावा!”